सांगलीत घर घेताना फुटांचा हिशोब

सांगलीच्या स्टेशन चौकात स्टेशन नाही. पुण्याहून बदलीवर येणाऱ्या माझ्या मेव्हण्याला हे कोण सांगणार? 'स्टेशन चौकापासून चालत पाच मिनिटं' एवढं ऐकून त्यानं भाड्याचं घर फोनवरच पक्कं करत आणलं होतं. संस्थानाच्या काळात मिरजेहून छोटी मीटरगेज गाडी गावात यायची. पुढं ब्रॉडगेज आली, स्टेशन गावाबाहेरच्या बाजूला गेलं आणि चौकाकडं नुसतं नाव राहिलं. मेव्हण्याला म्हटलं, दाजी, या गावात 'जवळ' आणि 'लांब' हे शब्द जरा जपून घ्यायचे.

मुंबई-पुण्याचा हिशोब सरळ असतो. जेवढं लांब जाल तेवढं घर स्वस्त, आणि वाचलेल्या पैशातला काही भाग अपडाऊनमध्ये जातो. सांगलीत निदान गेली चाळीस-पन्नास वर्षं हा हिशोब बराचसा उलटा आहे. बाजारपेठेपासून सायकलवर दहा मिनिटांत पोचता येईल असे प्लॉट स्वस्त, आणि मिरजेच्या दिशेनं काही किलोमीटर लांब असलेले विश्रामबागचे महाग. असं का, ते कळायला थोडं मागं जावं लागतं.

मुळात सांगली हेच घर बदलल्यामुळं मोठं झालेलं गाव. मिरजेच्या पटवर्धनांच्यात काका-पुतण्याचं फाटलं आणि १८०१ च्या सुमारास चिंतामणराव पटवर्धन आपला गणपती घेऊन कृष्णाकाठी आले. तेव्हा ही लहानशी वस्ती होती; सहा गल्ल्यांची म्हणून सांगली, असं लोक सांगतात. चिंतामणरावांनी गणेशदुर्ग बांधला, घाटाजवळ गणपतीचं देऊळ उभं राहिलं, पेठा वसल्या. पाणी नदीचं, व्यापार नदीकाठचा, त्यामुळं गाव नदीला चिकटूनच वाढलं. हळदीच्या पेठेला आणि नंतर गुळाच्या सौद्यांना हेच सोयीचं होतं.

पहिली मोठी ओढ पूर्वेकडं लागली ती १९१९ मध्ये. डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं विलिंग्डन कॉलेज काढलं ते सांगलीत नाही आणि मिरजेतही नाही. दोन्ही गावांच्या मधल्या माळावर. १९४७ मध्ये त्याच रस्त्यावर इंजिनिअरिंग कॉलेज आलं, तेच आजचं वालचंद. कॉलेजांच्या आसपास प्राध्यापकांचे बंगले झाले, मग सोसायट्या, मग दवाखाने. आमच्या आजोबांच्या पिढीला विश्रामबाग म्हणजे 'गावाबाहेर' वाटायचं. गावभागातला, म्हणजे नदीकाठच्या जुन्या गावातला माणूस तिकडं राहायला गेला की 'एवढ्या लांब कशाला रे बाबा' असं म्हणत. पण ती जमीन उंचावरची होती. तेव्हा कुणी ती उंची बघून प्लॉट घेतला असं मला वाटत नाही. रुंद रस्ते आणि मोकळी हवा हेच कारण असणार.

दरम्यान १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. जिल्ह्याचं ठिकाण म्हटल्यावर कारकून, शिक्षक, एसटीतले कर्मचारी, मार्केट यार्डातले हमाल, साखर कारखान्यातले कामगार असे सगळे आले. त्यांना विश्रामबाग परवडणारं नव्हतं.

इथून खरी गोष्ट सुरू होते, ती गुंठेवारीची. शेतजमिनीचे बारीक तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. बिगरशेती परवानगी काढून, रस्ते सोडून, लेआउट मंजूर करून प्लॉट पाडायचे तर वेळ आणि पैसा लागतो. मग शेतमालकानं चुन्याच्या फक्क्या मारून एक-एक, दोन-दोन गुंठे पाडले आणि स्टँपपेपरवर लिहून दिले. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, लहान कुटुंबाला पुरेसा. सातबाऱ्यावर स्वतंत्र नाव नाही, बँकेचं कर्ज नाही, गटार नाही, पण जागा आपली. शामरावनगरसारख्या वसाहती अशाच भरत गेल्या. सांगलीत गुंठेवारी हा शब्द न कळणारा माणूस सापडायचा नाही.

माझ्या मामांनी तिथंच दोन गुंठे घेतले. मामा कापडपेठेत एका दुकानात हिशोब लिहायचे. सायकलवर दहा मिनिटांत दुकान; दुपारी जेवायला घरी यायचे आणि पंधरा मिनिटं डुलकी काढून परत जायचे. मिरजेकडं घर असतं तर हे सुख मिळालं नसतं, असं ते आजही म्हणतात, आणि ते खरंच आहे. पावसाळ्यात मात्र काळ्या मातीत सायकल रुतायची. मामा ती खांद्यावर घ्यायचे, चपला हँडलला अडकवायचे आणि डांबरी रस्ता लागला की बोअरच्या पाण्यानं पाय धुऊन दुकानात जायचे. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर दिवाळीपर्यंत पाणी. त्यात पाणकणसं उगवायची, बेडूक रात्रभर ओरडायचे. ही जमीन सखल आहे हे सगळ्यांना दिसत होतं. पण सखल असणं आणि पुरात जाणं यात फरक आहे असं लोक धरून चालले होते.

हा फरक २००५ च्या पुरात पुसला. सांगलीचा पूर नुसत्या कृष्णेचा नसतो. वर कोयना धरणाची साठवण १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट; तिथून सोडलेलं पाणी कृष्णेतूनच खाली येतं. खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते. वारणाही भरून आली की कृष्णेच्या पाण्याला पुढं सरकायला जागा राहत नाही आणि ते नाल्यांतून उलटं वस्तीत शिरतं. म्हणून नदी दिसतही नाही अशा गल्लीत पाणी येतं. १९२९ च्या इर्विन पुलावर पाण्याची पातळी फुटांत मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर इथल्या माणसांना आपल्या घरात किती फुटांना पाणी येतं तो आकडा तोंडपाठ असतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आणि दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा घरात आलं.

सरकारच्या बाजूनं दोन गोष्टी समांतर चालल्या आणि त्यांची एकमेकींशी फारशी ओळख नसावी असं वाटतं. एकीकडं पूररेषा: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नाही, निळ्या-लालच्या मध्ये अटींवर. दुसरीकडं २००१ चा गुंठेवारी कायदा, ज्यात १ जानेवारी २००१ पूर्वीची घरं शुल्क भरून नियमित करायची सोय झाली. २०२१ मध्ये ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. कागद नियमित झाला म्हणजे कर्ज मिळतं, घर विकता येतं. जमीन मात्र होती तेवढ्याच उंचीवर राहते.

१९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महापालिका झाली. जिल्हाधिकारी कार्यालय राजवाड्यातून विजयनगरला, म्हणजे मिरजेच्या वाटेवर गेलं, न्यायालयही तिकडंच. त्यामुळं आता कचेरीत काम करणाऱ्याला गावभाग लांब आणि विश्रामबाग जवळ झाली आहे. कुपवाडला एमआयडीसी आहे, मिरजेला दवाखाने आणि जंक्शन. २०१९ नंतर बुधगाव, माधवनगर, कुपवाड, धामणी रस्ता इकडं चौकशा वाढल्या. तिथून मुलांची शाळा सात-आठ किलोमीटर पडते. वडाप, म्हणजे सीटवर चालणारी खासगी गाडी मिळते, शहरी बसही आहे, पण संध्याकाळी सातनंतर दोन्हींचा भरवसा धरू नये. म्हणून घरटी दोन गाड्या लागतात आणि पेट्रोलचा खर्च घराच्या हप्त्याशेजारी लिहावा लागतो. स्वस्त घर आणि लांबचं अपडाऊन हा पुण्या-मुंबईचा हिशोब सांगलीत आत्ता कुठं लागू व्हायला लागलाय.

मेव्हण्यानं शेवटी कुपवाडच्या बाजूला घर घेतलं, तिसऱ्या मजल्यावर. मामा अजून शामरावनगरमध्येच आहेत. यंदा त्यांनी घर रंगवलं. २०१९ ची पाण्याची रेघ बैठकीत माझ्या छातीएवढी होती, ती गेली. जिन्याखाली रंगाऱ्याचा हात पोचला नाही, तिथं ती वीतभर राहिली आहे. मामी तिथं धान्याचा डबा ठेवते, रेघेच्या वरच्या फळीवर.