घडीचा चाकू घेताना: सांधा, लॉक आणि पोलाद यांची पार्श्वभूमी

ठाण्यात स्टेशनाजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात विचारा किंवा मोबाइलवर शोधा, रोजच्या वापराचा घडीचा चाकू म्हणून जे समोर येते ते बहुतेक तीन जातींचे असते. पहिल्या जातीत पाते फक्त स्प्रिंगच्या दाबावर उघडे राहते. दुसरीत मुठीच्या पाठीवर एक पट्टी असते आणि ती दाबल्याशिवाय पाते मिटत नाही. तिसरीत मुठीच्या आतला पत्रा आडवा सरकून पात्याच्या बुडाला टेकू देतो. पहिली आणि तिसरी यांच्या जन्मात तीनशे वर्षांचे अंतर आहे. दुकानदार साहजिकच तिसरी पुढे करतो. पण चाकू पुठ्ठ्याचे खोके, सुतळी, आंब्याची पेटी आणि डब्यातले फळ एवढ्यासाठीच हवा असेल, तर ठाणे-नवी मुंबईत या तिन्हींतली सगळ्यात जुनी, म्हणजे पहिली जात घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

घडीचा चाकू तसा फार जुना. ऑस्ट्रियात हॉलस्टाट इथे सापडलेला हाडाच्या मुठीचा चाकू इसवी सनापूर्वी ६०० ते ५०० या काळातला मानतात. रोमन लोकही घडीचे चाकू वापरत. या चाकूंना स्प्रिंग नव्हती, पाते नुसत्या घर्षणावर जागी राहायचे. त्यातली अडचण आजही तीच आहे. रिवेट घट्ट ठोकली तर पाते उघडत नाही, आणि सैल पडली तर कापता कापता बोटांवर मिटते. आपल्याकडे न्हाव्याच्या धोकटीतला वस्तरा याच जातीचा. वस्तऱ्याच्या पात्याला मागे शेपटी असते. हजामत करताना बोट तिच्यावर टेकलेले असते, त्यामुळे पाते आपोआप मिटू शकत नाही. जपानमधल्या मिकी गावात १८९० च्या दशकात निघालेल्या हिगोनोकामी चाकूतही हीच युक्ती आहे. फरक इतकाच, की तिथे शेपटीवर अंगठा ठेवतात.

खरा बदल सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमधल्या शेफिल्डला झाला. मुठीच्या पाठीत पोलादी स्प्रिंगची पट्टी बसवली गेली. पात्याच्या बुडाला दोन सपाट बाजू असतात, एक उघड्या स्थितीसाठी आणि एक मिटलेल्या. पाते उघडू लागले की बूड त्या पट्टीला वर ढकलते. ते पुरेसे फिरले की पट्टी दुसऱ्या सपाट बाजूवर टक्कन बसते. यात लॉक नाही, म्हणून जोर लावला तर पाते मिटते. पण चालता-बोलता ते उघडतही नाही आणि मिटतही नाही. खिशात पाते ठेवायला एवढे पुरे होते. युरोपात पिसाच्या लेखण्या तासायला, आपल्याकडे कारकुनांच्या बोरूचे टोक तिरके कापायला असेच लहान, पातळ पात्याचे चाकू लागत. पुढे शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स या पेढीचा तारा आणि क्रॉसचा शिक्का असलेला माल हिंदुस्थानातही खपत असे.

स्वित्झर्लंडच्या लष्कराची गरज वेगळी होती. १८८९ ची नवी रायफल खोलायला स्क्रू-ड्रायव्हर लागे आणि शिपायाला डबाबंद अन्न उघडायचे असे. इबाख गावात १८८४ मध्ये कारखाना काढलेल्या कार्ल एल्सनर यांनी १८९१ मध्ये सैन्याला चाकूंचा पहिला पुरवठा केला. मात्र आज सगळे ओळखतात तो चाकू १२ जून १८९७ रोजी नोंदवलेला, अधिकाऱ्यांसाठीचा. त्याची करामत अशी की एकाच स्प्रिंगवर दोन्ही अंगांनी अवजारे बसवलेली आहेत, पोटाकडे पाती आणि पाठीकडे कॉर्कस्क्रू. त्यामुळे दोन स्प्रिंगांवर सहा अवजारे मावली आणि चाकू हलका राहिला. त्याच्या आजच्या ९१ मिलिमीटर लांबीच्या साध्या नमुन्याचे वजन ६० ग्रॅमच्या आसपास भरते.

त्याच सुमारास, १८९० मध्ये, फ्रान्सच्या सॅव्हॉय भागात जोसेफ ओपिनेल यांनी शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा चाकू काढला. १८९७ पासून तो १ ते १२ अशा क्रमांकांच्या मापांत विकला जाऊ लागला. त्यात स्प्रिंग नाही, तो घर्षणावरच चालतो. फिरवून पाते अडकवायचे कडे १९५५ मध्ये आले. ८ क्रमांकाचे पाते साडेआठ सेंटिमीटर लांब आणि इतके पातळ असते की टोमॅटोची चकती कागदासारखी निघते. कापायच्या कामात त्याला आजही तोड नाही. तरीही पावसाळ्यातल्या ठाण्यासाठी तो आम्ही पहिला चाकू म्हणून सुचवणार नाही. जून ते सप्टेंबर मुठीचे बीच या युरोपी झाडाचे लाकूड हवेतला दमटपणा ओढून फुगते, खाच अरुंद होते आणि पाते आत अडकून बसते. तेव्हा नखाने ओढत बसू नये. कडे मोकळे आहे ना ते पाहावे आणि मुठीचे मागचे टोक लाकडी ओट्यावर हलकेच आपटावे, पाते थोडे बाहेर येते. सांध्याभोवतीच्या लाकडात उन्हाळ्यातच मेण किंवा जवसाचे तेल जिरवून ठेवले तर त्रास कमी होतो, पण संपत नाही.

पोलादाचा इतिहास सांध्यापेक्षाही जास्त कामाचा आहे, कारण इथे चाकू धारेने कमी आणि गंजाने जास्त मरतात. विसाव्या शतकापर्यंत पाती साध्या कार्बन पोलादाची असत. धार उत्तम, पण ओल सहन होत नसे. १९१३ मध्ये शेफिल्डलाच हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्यांची झीज कमी करण्याच्या खटपटीत होते. त्यातून सुमारे १२.८ टक्के क्रोमियमचे, न गंजणारे पोलाद हाती आले. सुरुवातीला चाकूवाल्यांनी त्याला नावे ठेवली, त्याला धारच धरत नाही म्हणून. दोष पोलादाचा नव्हता, भट्टीचा होता. साधे पोलाद ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून पाणी दिले की कडक होते, क्रोमियमच्या पोलादाला मात्र हजाराच्या वर न्यावे लागते. हे कळल्यावर चित्र पालटले. एल्सनर यांनी १९०९ मध्ये कारखान्याला आईचे, म्हणजे व्हिक्टोरिया हे नाव दिले होते. १९२१ मध्ये त्याला स्टेनलेससाठीचा ‘इनॉक्स’ जोडून व्हिक्टोरिनॉक्स झाले.

‘स्टेनलेसला धार नसते’ हे वाक्य मात्र दुकानांत अजून ऐकू येते. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या भट्टीची ही आठवण आहे, तिच्यावर विसंबून कार्बनचे पाते घेऊ नका. खाडीची खारी हवा, लोकलच्या गर्दीतला घाम आणि पावसात भिजलेला खिसा या तिन्हींशी कार्बनला रोज झगडावे लागते. लिंबू किंवा कैरी कापल्यावर त्याच्यावर राखाडी-काळी झाक येते. ती निरुपद्रवी असते, उलट थोडे संरक्षणच करते. तांबूस, बोटाला लागणारा थर तेवढा गंज. आणि गंज पात्यावर दिसण्याआधी सांध्यात आणि स्प्रिंगच्या आतल्या बाजूला धरलेला असतो, जिथे फडके पोहोचत नाही.

ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या ‘डी२’ पोलादाबद्दल वेगळे सांगायला हवे. त्यात सुमारे १२ टक्के क्रोमियम असते, म्हणून ते स्टेनलेस समजून घेतले जाते. पण त्यात कार्बनही दीड टक्क्याच्या आसपास असतो, आणि क्रोमियमचा बराच भाग कार्बनशी बांधला जाऊन कठीण कणांत अडकतो. गंज अडवायला मोकळे क्रोमियम कमी उरते. कोरड्या गावात ते उत्तम, इथे त्यावर ठिपके पडतात. त्यापेक्षा स्वीडिश ‘१२सी२७’ किंवा ‘१४सी२८एन’, किंवा स्विस चाकूंमधले रॉकवेल ५६ च्या कडकपणाचे पोलाद बरे. कडकपणाचा आकडा कमी दिसतो म्हणून बिचकू नये. अशी धार तुटण्याऐवजी वाकते, आणि साध्या दगडावर पाच-दहा मिनिटांत परत येते.

आता लॉक. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बक कंपनीने ११० क्रमांकाचा चाकू काढला आणि पाठीवर पट्टी दाबून मिटवायची पद्धत घरोघर गेली. तो शिकाऱ्यांसाठी होता. जनावर सोलताना ओल्या, निसरड्या हातात पाते मिटू नये एवढीच त्यामागची गरज. पितळी टोकांचा तो चाकू २०० ग्रॅमच्या आसपास भरतो आणि पट्ट्याच्या म्यानात शोभतो, पँटच्या खिशात नाही. १९८१ मध्ये स्पायडर्कोने पात्याला गोल भोक आणि मुठीला क्लिप दिली, त्यामुळे चाकू एका हाताने उघडू लागला आणि खिशाच्या कडेला लटकू लागला. त्याच काळात मायकल वॉकर यांनी आजच्या रूपातला लायनर लॉक, म्हणजे आडव्या सरकत्या पत्र्याची ती तिसरी जात, सिद्ध केला. बाजारातले बहुतेक ‘मॉडर्न’ चाकू याच दोघांची पिलावळ आहेत.

लॉकची गरज कुठे पडते हे नीट पाहिले पाहिजे. पाते धारेच्या बाजूने दाबून कापताना जोर ते उघडण्याच्या दिशेने लागतो, त्यावेळी लॉक काही करत नाही. पाते मिटण्याच्या दिशेने जोर तीन वेळा येतो: टोक खुपसताना, अडकलेले पाते हलवून बाहेर काढताना, आणि पात्याच्या पाठीवर दाब पडल्यावर. खोक्याचा टेप टोकाने भोसकून उघडायची सवय असेल तर पहिला प्रसंग रोजचा आहे. तोच टेप पात्याच्या पोटाने, खोक्याच्या कडेकडून, अंगापासून दूर ओढत कापला तर लॉक लागत नाही आणि आतला मालही वाचतो. आंब्याच्या पेटीची फळी चाकूने उचकटू नये, मग लॉक असो वा नसो. सांध्याची पिन वाकते आणि पाते कायमचे डुगडुगते.

शिवाय लॉकही बिघडतात. पाठीच्या लॉकमध्ये बुडाची एक लहान खाच असते. खिशातला कापसाचा लोळ त्यात दबून बसला की पट्टी पूर्ण खाली जात नाही. पाते अडकल्यासारखे वाटते, पण जोर येताच सुटते. टूथपिकने खाच साफ करणे हा उपाय साधा आहे, फक्त तो कुणाच्या लक्षात येत नाही. लायनर लॉकमध्ये पाते उघडे असताना पत्र्याचे टोक बुडाच्या रुंदीच्या साधारण पाव ते निम्म्या भागात आलेले हवे. जेमतेम कडेला टेकत असेल तर ते घसरते, आणि पार दुसऱ्या टोकाला गेले असेल तर झीज झालेली आहे. हा चाकू मिटवताना अंगठा पात्याच्या वाटेतच असतो, सवय नसलेल्यांची बोटे तिथेच कापतात.

कायद्याची बाजू या निवडीत मोठी आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात, घरगुती, शेतीच्या वा औद्योगिक कामाचे वगळून. खिशातला चाकू या मापाच्या जवळपासही जात नाही. पण ठाणे आणि नवी मुंबईचे पोलीस आयुक्तालय सणवार, निवडणुका, मोर्चे यांच्या काळात १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ (१) खाली मनाई आदेश काढतात. त्यांत तलवारी, भाले, लाठ्यांबरोबर सुरे आणि शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगण्याला बंदी असते. त्या दिवसांत चाकू घरी ठेवावा. बटण दाबून उघडणारा चाकू तर घेऊच नये. रामपुरीने आणि हिंदी चित्रपटांनी त्या प्रकाराला जी ओळख दिली ती अजून पुसलेली नाही. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने ७.६२ सेंटिमीटर लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद किंवा त्याहून मोठ्या पात्याचे स्प्रिंगचे, बटणाचे, गरारीचे (दात्यांवर अडकत उघडणारे) चाकू नियंत्रणात आणले. ती अधिसूचना इथे लागू नाही, पण मापाचा अंदाज म्हणून उपयोगी आहे. सात सेंटिमीटरपर्यंतचे, नखाने उघडायचे, बिनलॉकचे पाते हे अवजार आहे हे तपासणी करणाऱ्यालाही दिसते. विमानात चाकू हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इनच्या सामानातच टाकावा लागतो.

मग दुकानात काय पाहायचे? पाते अर्धे उघडून उजेडाकडे धरा. स्प्रिंग आणि बाजूचे पत्रे यांच्यामध्ये प्रकाशाची रेघ दिसली तर जुळणी ढिली आहे. पूर्ण उघडून टोक दोन बोटांत धरून डावीकडे-उजवीकडे हलवा, हालचाल जाणवता कामा नये. मिटताना शेवटचा टक्क आवाज होतो तेव्हा धार आतल्या पट्टीवर आपटत नाही ना, हे पाहायला मिटलेल्या पात्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबा. पाते आणखी खोल जाऊन धातूला लागत असेल तर धार दर वेळी तिथेच बोथटणार. नखाने उघडताना नख दुखत असेल तर स्प्रिंग तुमच्यासाठी फार कडक आहे. पात्याची पाठ दोन-अडीच मिलिमीटर पुरे. साडेतीन-चार मिलिमीटरची जाड पाती सफरचंद कापत नाहीत, फोडतात.

पावसाळ्याआधी सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा आणि पाते दहा-बारा वेळा उघडमीट करून बाहेर आलेली काळी घाण पुसावी. फळे कापायचा चाकू असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन वापरावे. शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे तेल सांध्यात चिकट होऊन बसते. धार लावायला सोसायटीच्या गेटवर येणाऱ्या धारवाल्याकडे हा चाकू देऊ नये. त्याचे फिरते चाक विळी-कोयत्यासाठी ठीक आहे, पण पातळ पात्याची कड क्षणात तापते. तिथे निळसर डाग दिसला की त्या जागेचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलेले असते, आणि तेवढा भाग घासून जाईपर्यंत तिथे धार टिकत नाही. दोन बाजूंचा साधा दगड ओला करून ओट्यावर फडक्यावर ठेवावा. पाते साधारण १५ ते २० अंशांवर धरून आधी जाड, मग बारीक बाजूने घासावे. एका बाजूने घासताना दुसऱ्या बाजूला बोटाला जाणवेल अशी बारीक कोर वळली, की पाते उलटायचे.