नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, टिकेल असा गेमिंग लॅपटॉप

भाच्याच्या मित्राने जानेवारीत ६८ हजारांचा गेमिंग लॅपटॉप घेतला होता. तोच लॅपटॉप भाच्यालाही हवा होता, पैसेही जमत आले होते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी तो मित्र लॅपटॉप पाठीवर टाकून आमच्याकडे आला. "मामा, हिवाळ्यात मस्त चालत होता. आता दहा मिनिटांत अडकून राहिला. काहून असं?"

आम्ही आतल्या खोलीत बसलो. वर थेट स्लॅब, कूलर बैठकीत, भिंतीवरच्या तापमापकात ३८ अंश. गेम सुरू झाला तेव्हा स्क्रीनच्या कोपऱ्यात सेकंदाला ८० फ्रेमचा, म्हणजे सेकंदात ८० वेळा नव्याने काढलेल्या चित्राचा, आकडा होता. दहाव्या मिनिटाला प्रोसेसरचं तापमान ९८ अंशांवर गेलं, पंखा जीव तोडून फिरू लागला आणि फ्रेम ५२ वर येऊन अडखळायला लागल्या. पडद्यावर गाडी वळायची, पण हाताला ते अर्ध्या क्षणाने कळायचं.

फुल एचडी पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर त्या सगळ्यांचा रंग ठरवायला ग्राफिक्स चिपला दर वेळी १७ मिलिसेकंदांहूनही कमी वेळ मिळतो. या कामाला वीज लागते आणि ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णताच होते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून १२० वॅट खात असतील, तर जुन्या काळचे ६० वॅटचे दोन बल्ब दोन-अडीच सेंटिमीटर जाडीच्या डब्यात बंद करून पेटवल्यासारखंच झालं ते. ही उष्णता सतत बाहेर जात राहिली पाहिजे.

ती किती वेगाने जाईल हे चिप आणि खोली यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. शाळेत शिकलेला न्यूटनचा शीतकरणाचा नियम तो हाच. प्रोसेसरची सहनमर्यादा साधारण १०० अंश धरू. जानेवारीत खोली २२ अंशांवर होती, म्हणजे फरक ७८ अंशांचा. मेमध्ये खोली ३८ वर, फरक ६२ चा. हिवाळ्यात जी यंत्रणा १२० वॅट बाहेर काढत होती, ती त्याच पंख्याने आणि आतल्या त्याच तांब्याच्या नळीने मेमध्ये ९५ वॅटच काढू शकते. उरलेले २५ वॅट जायला जागाच नाही. मग चिप स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करते. नागपूरच्या बर्डी बाजारात, एसी लावलेल्या दुकानात लॅपटॉप पाहताना आपण तो कायम जानेवारीतच पाहत असतो, हे भाच्याला तेव्हा पटलं. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले होते. या गावात लॅपटॉप घ्यायचा तर मे डोळ्यांसमोर ठेवूनच घ्यायचा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण गणित पुढे नेलं आणि मला खटकलं. चिपला लागणारी वीज वेगाच्या पटीत वाढते, शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. आणि वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं. म्हणजे ढोबळमानाने वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात जाते. उलट बाजूने पाहा: वेग आणि व्होल्टेज दोन्ही १० टक्के कमी केले, तर ०.९ गुणिले ०.९ गुणिले ०.९, म्हणजे ०.७३. दहा टक्के वेग सोडला की २७ टक्के उष्णता वाचते. या हिशेबाने १२० वॅटचे ९५ वॅट झाले तरी वेग फार तर सात-आठ टक्क्यांनी पडायला हवा होता. ८० च्या ७४ फ्रेम व्हायला हव्या होत्या, ५२ नाही. नुसत्या उन्हाने एवढी घसरण होत नाही.

स्क्रू काढून खालचं झाकण उघडलं तेव्हा कारण समोर आलं. पंखा आणि धातूच्या बारीक पापुद्र्यांची जाळी यांच्या मध्ये धूळ आणि चादरीचे तंतू मिळून करड्या रंगाची गादी बसली होती. बोटाने धरून ओढली तर अख्खी पट्टी निघून आली. पोरगा पलंगावर लॅपटॉप ठेवून खेळायचा, खोलीची खिडकी रस्त्याकडे, आणि रस्त्याचं काम चालू. चार महिन्यांत जाळी अर्धी बुजली होती. मऊ ब्रशने ती साफ केली, लॅपटॉप टेबलावर ठेवला, मागची बाजू पुस्तकाने दोन बोटं उचलली. त्याच ३८ अंशांच्या खोलीत पंधरा मिनिटांनंतर आकडा ७३ वर थांबला. कागदावरच्या ७४ पासून एवढ्या जवळ तो थांबला, याचा आनंद मला अजून आहे.

झाकण उघडंच होतं, म्हणून पोरांना आतली चपटी तांब्याची नळी दाखवली. ती भरीव नसते. हवा काढून आत अगदी थोडं पाणी ठेवलेलं असतं. हवेचा दाब नसल्यामुळे ते कमी तापमानालाच उकळतं. चिपजवळच्या टोकाला त्याची वाफ होते, वाफ होताना ते उष्णता उचलतं. दुसऱ्या टोकाला, पंख्यापाशी, ती उष्णता सोडून पुन्हा पाणी होतं आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र थरातून, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं, परत चिपकडे येतं. माठ आणि कूलर याच तत्त्वावर चालतात. कूलरची ताटी ओली असते, त्यातलं पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं. फरक एवढाच की कूलरमध्ये पाणी भरत राहावं लागतं आणि नळीतलं पाणी वर्षानुवर्षं तेच फिरत राहतं. नागपूरचा कूलर मेमध्ये चालतो, कारण हवा कोरडी असते. पाऊस सुरू झाला की त्याची मात्रा चालत नाही. नळीला मात्र बाहेरच्या दमटपणाशी देणंघेणं नाही. लॅपटॉप कूलरच्या खोलीत जरूर वापरावा, फक्त थेट झोतासमोर ठेवू नये. झोतातून उडणाऱ्या थेंबांत क्षार असतात.

आता खरेदीचं. दुकानात चिपचं नाव सांगतात, पण नावाहून महत्त्वाचा आकडा सहसा कुणी सांगत नाही. एनव्हिडियाची आरटीएक्स ४०५० ही लॅपटॉपची चिप ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कशीही बसवता येते, ते लॅपटॉप बनवणाऱ्यावर असतं. नाव एकच, डब्यावरचं स्टिकर एकच, आणि तरी पातळ, देखण्या लॅपटॉपमधली ४०५० जाड लॅपटॉपमधल्या ४०५० च्या बरीच मागे पडते. कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलच्या तपशिलात टीजीपी (टोटल ग्राफिक्स पॉवर) म्हणून हा वॅटचा आकडा शोधावा. दुकानात लॅपटॉप सुरू असेल, तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलच्या सिस्टीम इन्फर्मेशनमध्येही तो दिसतो. वजनाने सव्वादोन किलोचा, मागे आणि बाजूला जाळ्या असलेला, थोडा ओबडधोबड लॅपटॉप मी पातळ लॅपटॉपपेक्षा केव्हाही आधी घेईन.

ग्राफिक्सची स्वतःची मेमरी ४ जीबी नको, ६ जीबी हवी, यावर अडून बसावं. गेममधल्या भिंती, कपडे, झाडं यांची चित्रं या मेमरीत ठेवलेली असतात. ती भरली की उरलेली चित्रं लॅपटॉपच्या मुख्य रॅममधून आणावी लागतात आणि तो रस्ता दहा पटींहून अरुंद असतो. तेव्हा सरासरी फ्रेम चांगल्या दिसूनही मध्येच झटके बसतात. नवे मोठे गेम खेळायचे नसतील, व्हॅलोरंट किंवा माइनक्राफ्टवर भागणार असेल, तर मात्र ४ जीबी पुरते आणि त्यात पैसेही वाचू शकतात.

रॅम १६ जीबी हवी, तीही ८-८ च्या दोन पट्ट्यांत. एकाच पट्टीने डेटाचा एकच रस्ता उघडतो, दोन पट्ट्यांनी दोन. एक पट्टी बसवलेली आणि दुसरा खाचा रिकामा असेल तरी चालेल, तेवढीच दुसरी पट्टी नंतर आपणही बसवू शकतो. स्क्रीनच्या वर्णनात ४५ टक्के एनटीएससी (स्क्रीन किती रंग दाखवते याचं माप) लिहिलं असेल तर रंग फिके दिसणार हे धरून चालावं. पैसे कमी असतील तर मी इथेच तडजोड करीन, वॅटमध्ये नाही.

शनिवारी आम्ही तिघं बर्डीला गेलो. भाच्याने दोन मॉडेल वेगळी काढून घेतली, दोन्हींत ४०५०, एकात ५० वॅट, दुसऱ्यात ९५. दुकानदाराला विनंती करून दुसऱ्यावर पंधरा मिनिटं गेम चालवला. दुकानदार भला माणूस, मागच्या जाळीजवळ हात नेल्यावर तोच जरा ओशाळून म्हणाला, "भाऊ, हा मागून थोडा गरम वारा फेकते." भाच्याने तिथे तळहात धरला, मग कीबोर्डवर ठेवला. कीबोर्ड कोमट होता.

"मामा, पाहा," तो म्हणाला, "सगळी बाहेर येऊन राहिली."