वृत्तनिवेदन, दूरचित्रवाणीवरील

दूरचित्रवाणीच्या बातमीपत्रात प्रेक्षकाकडे पाहून बातमी सांगण्याची कला. ती करणाऱ्यास वृत्तनिवेदक म्हणतात. खाजगी वाहिन्यांमुळे ‘अँकर’ हा शब्दही रुळला आहे.

मुंबई दूरदर्शनचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीहून सुरू झाले. विश्वास मेहेंदळे हे केंद्राचे पहिले मराठी वृत्तनिवेदक मानले जातात. पुढच्या वर्षांत भक्ती बर्वे, स्मिता पाटील, अनंत भावे, प्रदीप भिडे यांच्या निवेदनातून या शैलीला घाट मिळाला. तिच्या उगमाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार ती रंगभूमीवरून आली. भक्ती बर्वे यांच्यासारख्या अभिनेत्री बातम्या देत असत, हा त्याला आधार. दुसऱ्या मतानुसार तिचे मूळ आकाशवाणीत आहे : सम गती, मोजून घेतलेला श्वास, स्वतःच्या मताचा सूर लागू न देणे. नट शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवतो, तर निवेदक खोलीतल्या दोन-चार माणसांशी बोलतो. हा फरक लक्षात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. शैली स्थिरावण्याचा काळ स्थूलमानाने सत्तरच्या दशकाचा उत्तरार्ध धरावा.

वरळीचे हे प्रक्षेपण ठाणे–नवी मुंबई पट्ट्यातही पाहिले जाई. ठाण्यापासून वरळी सरळ रेषेत सुमारे २५ किमी., नैर्ऋत्येस आहे. गच्चीवरील अँटेना त्या दिशेला धरावी लागे आणि वाऱ्याने ती फिरली की पडद्यावर मुंग्या येत. पारसिकच्या डोंगराआडच्या भागात तर एका चेहऱ्याचे दोन दिसत. अशा वेळीही आवाज पुष्कळदा स्वच्छ येई, कारण जुन्या पद्धतीत चित्र आणि ध्वनी यांचे वहन वेगळ्या प्रकारे होत असे. या पट्ट्यातल्या जुन्या प्रेक्षकांची माया निवेदकाच्या चेहऱ्याइतकीच, किंबहुना अधिक, त्याच्या आवाजावर आहे, हे यावरून उमजते.

मराठी निवेदनाची खरी कसोटी वाक्याच्या शेवटी लागते. क्रियापद तिथे असते आणि नकारही तिथेच असतो. ‘घोडबंदर रस्ता परिसरात उद्या पाणी येणार नाही’ या वाक्यात श्वास संपून ‘नाही’ गिळले गेले, तर ऐकणारा बादल्या भरून ठेवणार नाही. म्हणून जाणता निवेदक ‘परिसरात’नंतर अर्धा श्वास घेतो आणि शेवटच्या दोन शब्दांना पुरेल एवढी हवा राखतो. प्रॉम्प्टर (निवेदकासमोर मजकूर सरकता दाखवणारे यंत्र) नसताना कागदावरून वाचावे लागे. तेव्हाची रीत अशी : मान खाली असताना वाक्याचा उत्तरार्ध डोळ्यांत साठवायचा, मान वर घ्यायची आणि क्रियापद कॅमेऱ्याकडे पाहून म्हणायचे. प्रेक्षकांना त्या निवेदनात जो भरवसा वाटे, त्याचे मोठे कारण या सवयीत आहे. कागद सुटे ठेवत. टाचलेले कागद उलटताना आवाज होतो आणि तो मायक्रोफोन टिपतो.

प्रॉम्प्टरमध्ये कॅमेऱ्याच्या भिंगासमोर ४५ अंशांत अर्धपारदर्शक काच असते. खालच्या पडद्यावरची उलटी अक्षरे तिच्यात सुलटी दिसतात आणि कॅमेरा काचेमागून चित्र घेतो. ओळीत तीन-चार शब्दच ठेवतात. ओळ लांबली की बुबुळे डावी-उजवीकडे फिरताना दिसतात. मजकूर सरकवणाऱ्याने निवेदकाच्या गतीमागे राहायचे असते. तो पुढे धावला की वाचणाराही धावतो आणि जोडाक्षरे तुटतात. आकडे अक्षरांत लिहितात, कारण ‘५९’ पाहून ‘एकोणसाठ’ म्हणायला क्षणभर अडते, १.५ लाखाचे ‘दीड लाख’ आधीच करून ठेवावे लागते.

ठाणे–नवी मुंबईची स्थलनामे हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. कळव्याचा ‘ळ’ आणि घणसोलीचा ‘ण’ हिंदीच्या सवयीने ‘ल’ व ‘न’ होतात. सामान्यरूपांत चुका अधिक : ‘ठाणेमध्ये’ नव्हे, ठाण्यात, तसेच तुर्भ्यात, कोपरखैरण्यात. ‘मुंब्र्यात’ म्हणताना ब, र, य तिन्ही ऐकू यायला हवेत. ‘ठाण्यातील नौपाडा पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवण्यात आला’ हे वाक्य कानाला गोंधळात टाकते. ‘ठाण्यात नौपाडा पोलिसांनी गुन्हा नोंदवला’ असे केले की एक ‘ठाणे’ कमी होते आणि कर्ताही कळतो.

निवृत्त होणाऱ्या निवेदकाच्या अखेरच्या बातमीपत्रात निरोपाचे शब्द ठळक बातम्यांच्या उजळणीनंतर घालणे सोयीचे. अर्धा मिनिट राखून ठेवावा, म्हणजे साधारण साठ शब्द. गळा दाटला की श्वास आखूड होतो. त्यामुळे वाक्ये पाच-सहा शब्दांची असावीत आणि ‘नमस्कार’ शेवटी सुटा ठेवावा. प्रेक्षकांच्या वतीने होणाऱ्या सत्कारात शाल-श्रीफळाबरोबर मानपत्र देतात. त्यात ‘भारदस्त आवाज’ लिहून फारसे काही सांगितले जात नाही, कारण तसे कोणाबद्दलही लिहिता येते. त्या व्यक्तीची खूण लिहावी : दुःखद बातमीनंतर ती किती थांबत असे, परकी नावे आधी विचारून घेई का, चूक झाल्यावर ‘क्षमस्व’ म्हणून तेवढाच शब्द दुरुस्त करी की सगळे वाक्य पुन्हा घेई. प्रदीप भिडे यांनी चार दशकांच्या आसपास बातम्या दिल्या. एवढ्या दीर्घ सोबतीनंतर अशा खुणा प्रेक्षकाला तोंडपाठ झालेल्या असतात, आणि मानपत्रात त्याच याव्यात.

२००७ पासून झी २४ तास, स्टार माझा (आताची एबीपी माझा) यांसारख्या चोवीस तासांच्या वाहिन्या आल्यावर थेट प्रक्षेपण आणि चर्चा वाढल्या, लिखित मजकूर कमी झाला. तिथे निवेदक बहुधा निवृत्त होत नाही, वाहिनी बदलतो. त्यामुळे ठरवून घेतलेला निरोप क्वचितच दिसतो.