शेवाळ, साखर आणि गुदमरलेलं प्रवाळ

पावसाळ्यात कोकणातल्या जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ माजलं की घरोघरी ब्लीचिंग पावडर निघते. खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ पाळणाऱ्यांचा विचारही साधारण याच वळणाने जातो. प्रवाळावर हिरवे तंतू दिसले की 'आठवड्यात शेवाळ साफ' छापाची बाटली मागवायची! शेवाळ वर पसरतं, उजेड अडवतं आणि खालचं प्रवाळ मरतं, असा त्यामागचा समज. तसं होतंही. पण बऱ्याचदा खून वेगळाच कोणीतरी करतो.

प्रवाळ हा प्राणी. खडक रचणाऱ्या प्रवाळांच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहतं, प्रकाशसंश्लेषणाने अन्न बनवतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. (मंगळासाठी अंगठीत घालतात ते लाल पोवळं भूमध्य समुद्रातल्या वेगळ्याच प्रवाळाचं. त्याच्यात हे शैवालही नसतं. एवढं जवळचं नातं ज्याला जमलं नाही, ते कोट्यवधी किलोमीटरवरच्या मंगळाची समजूत कशी काढणार?) भांडण आहे ते बाहेरून चढणाऱ्या तंतुमय शेवाळाशी.

हे शेवाळही साखर बनवतं, पण त्यातली बरीच पाण्यात झिरपते. प्रवाळाच्या अंगावरच्या चिकट स्रावात जिवाणू असतातच. आयती साखर मिळाल्यावर ते भराभर वाढतात आणि आसपासचा ऑक्सिजन संपवतात. दिवसा प्रकाशसंश्लेषणातून त्याची भरपाई होते. रात्री दिवे मालवले की शेवाळ, प्रवाळ, जिवाणू सगळेच ऑक्सिजन घेणारे, देणारं कोणी नाही. त्यात कुठल्याही पृष्ठभागाला चिकटून पाण्याचा जवळजवळ स्थिर असा पातळ थर असतो. त्यातून ऑक्सिजन पोचतो तो निव्वळ विसरणाने, म्हणजे अगदी सावकाश. तंतूंच्या गुंत्यात हा थर आणखी जाड होतो. त्यामुळे टाकीतल्या पाण्यात ऑक्सिजन भरपूर असला तरी शेवाळालगतच्या मिलिमीटरभर पट्ट्यात प्रवाळ गुदमरतं. भिंगातून पाहिलं तर कडेचे पॉलिप (प्रवाळाच्या वसाहतीतले एकेकटे छोटे जीव) आक्रसलेले आणि फिकट दिसतात. त्यांच्यामागे उघडा पांढरा सांगाडा. त्या सांगाड्यावर शेवाळ सरकतं आणि साखरेचा झरा पुढच्या पॉलिपपाशी येऊन ठेपतो.

हे कसं कळलं? जेनिफर स्मिथ, फॉरेस्ट रोहवर हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये एक झकास प्रयोग प्रसिद्ध केला. शेजारशेजारच्या कप्प्यांत प्रवाळ आणि शेवाळ ठेवलं, मध्ये 0.02 मायक्रोमीटर छिद्रांची गाळणी. जिवाणू सोडाच, बहुतेक विषाणूही पलीकडे जाऊ नयेत इतकी बारीक. स्पर्श नाही, सावली नाही, तरी सगळी प्रवाळं मेली. पाण्यात अ‍ॅम्पिसिलिन हे जिवाणू मारणारं प्रतिजैविक घातलं तेव्हा एकही मेलं नाही. म्हणजे गाळणीतून आले ते विरघळलेले पदार्थ, आणि मारलं प्रवाळापाशी आधीच असलेल्या जिवाणूंनी.

हे वाचून टाकीत कॅप्सूल फोडू नका. अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणूही त्यात मरू शकतात. शेवाळनाशकानेही मोठा घोळ होतो: शेवाळ एकदम मरून कुजलं की तीच साखर, तेच जिवाणू, ऑक्सिजनचा तोच खडखडाट. शेवाळाला खतासारखं लागू पडणारं नायट्रेट उतरवायला व्होडकाचे थेंब घालणारे शौकीनही जिवाणूंनाच खाऊ घालत असतात. प्रमाण चुकलं तर परिणाम ठरलेला.

त्यापेक्षा शेवाळ चढलेला दगड टाकीबाहेर काढून खाऱ्या पाण्याच्या बादलीत टूथब्रशने घासावा, तुटलेले तंतू परत टाकीत जाऊ देऊ नयेत. गुलाबी, टणक थर दिसला तर तो मात्र राहू द्यावा. तेही शैवालच, पण प्रवाळाच्या पिल्लांना बस्तान बसवायला मदत करणारं. माशांचं खाणं कमी केलं की शेवाळाला पोसणारे फॉस्फेट आणि नायट्रेट उतरतात. फॉस्फेट शून्यावर आणायचा हट्ट नको, प्रवाळालाही तो थोडा लागतोच. रात्री पाण्याचा प्रवाह चालू हवा.

आणि शेवाळ चरणाऱ्या गोगलगायी हव्यात. 1983 मध्ये कॅरिबियन समुद्रातले, असंच शेवाळ चरणारे लांब काट्यांचे सी अर्चिन (गोल, काटेरी समुद्री प्राणी) रोगाने मेले. जमैकात आधीच बेसुमार मासेमारीमुळे शेवाळखाऊ मासे उरले नव्हते. 1977 मध्ये तिथल्या खडकांवर निम्म्याहून जास्त प्रवाळ होतं, 1993 पर्यंत ते पाच टक्क्यांच्या खाली गेलं. शेवाळ नव्वद टक्क्यांवर.

मालवणला सिंधुदुर्गाच्या आसपास स्नॉर्केलिंग करताना अशी प्रवाळं दिसतात. तिथला तुकडा टाकीसाठी उचलण्याचा विचार मात्र नको: दगडी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीत.