रवंथातला मिथेन आणि सरकारची शेणाची वाट

गाईम्हशीच्या कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, चारा आंबतो, हायड्रोजन सुटतो, तिथले जंतू त्याचा मिथेन हा हवा तापवणारा वायू करतात आणि तो ढेकरेवाटे बाहेर पडतो. भारतातल्या पशुधनाच्या मिथेनपैकी बहुतांश असा तोंडातून येतो. शेणाचा वाटा लहान. सरकारी योजना मात्र शेणापासून सुरू झाल्या, कारण तेव्हा चिंता हवामानाची नव्हती, सरपणाची आणि खताची होती.

खादी ग्रामोद्योग आयोगाने १९६० च्या दशकात तरंगत्या लोखंडी टाकीचा गोबरगॅस पसरवला. १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय बायोगॅस प्रकल्प आला आणि १९८४ मध्ये पक्क्या घुमटाचे, स्वस्त ‘दीनबंधू’ मॉडेल. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो ताजे शेण आणि तेवढेच पाणी लागते, म्हणजे बांधलेली चार-पाच जनावरे. एक किलो शेणाला साधारण ४० लिटर गॅस.

विदर्भात गणित चुकले ते ‘बांधलेली’ या शब्दावर. ढोरे सकाळीच गायक्यामागे (गुराख्यामागे) रानात जातात, दिवसाचे शेण तिथेच पडते, हाती लागते फक्त रात्रीचे. उन्हाळ्यात पाणी आटले की शेण-पाण्याची रबडी घट्ट होते, वर साय धरते, गॅस अडतो. घुमटाला केसाएवढी भेग गेली की आणखी वाईट. कोरड्या उकिरड्यात हवा खेळते, त्यामुळे मिथेन थोडाच होतो. गळक्या घुमटात तो मुद्दाम तयार करून हवेत सोडला जातो. म्हणून नुसत्या बांधलेल्या संयंत्रांची संख्या उत्सर्जनाच्या हिशेबात फारसे काही सांगत नाही. शेण-कचऱ्यातून गॅस करण्याच्या २०१८ च्या गोबरधन योजनेकडेही याच नजरेने पाहावे लागते.

हवामानाचा धागा नंतर जोडला गेला. १९९७ च्या क्योटो करारात मिथेन होता, पण विकसनशील देशांवर बंधन नव्हते. २०११ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने ‘निक्रा’ प्रकल्प सुरू केला. त्याचा भर शेती बदलत्या हवामानात टिकवण्यावर, उत्सर्जन कापण्यावर नव्हे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोत मिथेन २०३० पर्यंत ३० टक्क्यांनी घटवण्याची जागतिक प्रतिज्ञा झाली, तिच्यावर भारताने सही केली नाही. अल्पभूधारकाच्या पोटापाण्याचे उत्सर्जन आणि चैनीचे उत्सर्जन एका मापाने मोजू नये, ही भूमिका. डेन्मार्कने २०३० पासून पशुधनाच्या उत्सर्जनावर कर ठरवला आहे. दोन ढोरांच्या गोठ्यावर तसा कर कोण बसवणार?

मग उरला दुसरा रस्ता: दुधाच्या लिटरमागे मिथेन घटवणे. राष्ट्रीय हिशेबात देशी दुभती गाय वर्षाला सुमारे २८ किलो मिथेन सोडते, संकरित ४३, म्हैस ५०. नगामागे विदर्भाची देशी गवळाऊ गाय स्वच्छ दिसते, पण दुधाने भागले की चित्र पालटते. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचा संतुलित आहाराचा कार्यक्रम याच तत्त्वावर उभा आहे. बंगळुरूच्या पशुपोषण संस्थेचे टॅनिनयुक्त ‘हरितधारा’ पूरक मिथेन १७ ते २० टक्के घटवते, असे संस्थेचे म्हणणे.

विदर्भातली अडचण त्याही आधीची, चाऱ्याची. ज्वारी गेली, कपाशी-सोयाबीन आले, कडब्याच्या जागी कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा. पूर्वेकडे धानाची तणस, म्हणजे भाताचा पेंढा. तंतू जितका कठीण तितका मिथेन जास्त आणि दूध कमी. यावर जुना उपाय युरिया प्रक्रियेचा: १०० किलो तणशीला ४ किलो युरिया ५० ते ६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडायचा, दाबून ताडपत्रीने हवाबंद करायचे, २१ दिवसांनी उघडायचे. झाकण सैल राहिले तर युरियातून सुटणारा अमोनिया उडून जातो, मेहनत फुकट. खडा न विरघळता राहिला तर ढोर दगावू शकते. खाऊ घालण्याआधी तणस थोडा वेळ मोकळी पसरावी. सहा महिन्यांखालच्या वासरांना ती देऊ नये.

मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. ट्रॅक्टर आल्यावर गोऱ्ह्याला काम नाही आणि विक्रीची वाट अरुंद. लिटरमागच्या हिशेबात त्याला रकानाच नाही. राष्ट्रीय गोकुळ मिशनमधले लिंगवर्गीकृत वीर्य, ज्यातून सुमारे ९० टक्के कालवडी होतात, या प्रश्नाला थेट भिडते. पण त्या वीर्याच्या कांडीत (नळीत) शुक्राणू साधारण वीस लाख, नेहमीच्या कांडीत दोन कोटी. माजाची वेळ हुकली की गाय उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते, आणि खेड्यात रेतनाला माणूस पोहोचेपर्यंत ती वेळ बऱ्याचदा हुकलेली असते.