जपानी कागदावर तारखेच्या जागी रिकामा चौकोन दिसतोय?

जपानहून आलेलं इन्व्हॉइस किंवा टेस्ट सर्टिफिकेट उघडलं, तारखेच्या जागी रिकामा चौकोन दिसला, की आम्हा ट्रान्सलेशनवाल्यांकडे फोन येतो, "फाइल करप्ट झालीये का हो?" बहुतेक वेळा झालेली नसते. तिथे 'रेइवा' असं एक चिन्ह असतं, जपानच्या चालू राजवटीचं नाव, आणि तुमच्या मशीनवरच्या फॉन्टमध्ये ते नाहीये एवढंच. (या पत्रकातही ते मुद्दामच टाकलेलं नाही, नाहीतर इथेही चौकोनच दिसायचा.)

आपल्याकडे पंचांगात शके असतं तसा त्यांच्याकडे सरकारी कागदांवर राजवटीचा सन असतो, फक्त सम्राट बदलला की मोजणी परत १ पासून. अकिहितो ३० एप्रिल २०१९ ला पायउतार झाले, १ मे पासून नारुहितो, आणि नवीन नाव जाहीर झालं १ एप्रिलला, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांच्या हातात जेमतेम एक महिना! नाव दोन कांजी (चिनी लिपीतून आलेल्या) अक्षरांचं आहे, पण जागा वाचवायला ती दोन्ही एकाच अक्षराच्या चौकटीत दाबून बसवायची तिकडे जुनी पद्धत आहे, आणि असं जोडचिन्ह कॉम्प्युटरच्या लेखी वेगळंच अक्षर, त्याला वेगळा नंबर लागतो.

आधीची चार नावं, हेइसेइ, शोवा, ताइशो, मेइजी, युनिकोडमध्ये (म्हणजे जगभरच्या लिप्यांमधल्या अक्षरांना नंबर देणाऱ्या यादीत) ३३७बी ते ३३७ई या नंबरांवर ओळीने बसलीयेत. पाचव्याला शेजारी जागाच नव्हती, एका बाजूला आंतरराष्ट्रीय एककाचं चिन्ह, दुसऱ्या बाजूला 'कंपनी लिमिटेड'चं. म्हणून ३२एफएफ ही जागा नाव ठरायच्या आधीच राखून ठेवली होती आणि ७ मे २०१९ ला युनिकोड १२.१ आलं ते फक्त या एका चिन्हासाठी. यूटीएफ-८ मध्ये (युनिकोडचे नंबर फाइलमध्ये साठवायची पद्धत) ते तीन बाइटचं होतं: ई३, ८बी, बीएफ. हे चिन्ह घालण्याआधीचा फॉन्ट असेल किंवा विंडोज कधी अपडेटच केलं नसेल, तर चौकोन येणारच.

आता महत्त्वाचं. चौकोन असेल तर घाबरू नका, आतला नंबर शाबूत आहे, फॉन्ट बदलला की चिन्ह दिसतं (नोटो सान्स सीजेके २.००१ किंवा पुढचा टाका, फुकट आहे). पण प्रश्नचिन्ह असेल तर मात्र डेटा गेला. हे बहुतेक जुन्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधून शिफ्ट-जिसमध्ये (जपानी अक्षरं साठवायची युनिकोडच्या आधीची पद्धत) काढलेल्या सीएसव्हीत (साध्या मजकुरातल्या तक्त्याच्या फाइलमध्ये) होतं, कारण विंडोजच्या शिफ्ट-जिसमध्ये हेइसेइला ८७७ई हा कोड आहे, रेइवाला नाहीच, मग सेव्ह करताना सॉफ्टवेअर तिथे सरळ '?' टाकून मोकळं होतं आणि मूळ अक्षर कुठेच उरत नाही. 'हे ७ वं वर्ष' एवढंच हातात राहिलं तर रेइवा ७ म्हणजे २०२५ आणि हेइसेइ ७ म्हणजे १९९५, कागदावरच्या तारखेत ३० वर्षांचा फरक! अंदाजाने भरू नका प्लीज, पाठवणाऱ्याकडून यूटीएफ-८ मध्ये परत मागवा, नाहीतर ते नाव दोन सुटी अक्षरं करून टाइप करायला सांगा, ती दोन्ही अक्षरं शिफ्ट-जिसमध्ये पहिल्यापासून आहेत.

अजून एक, सर्चमध्ये दोन सुटी अक्षरं टाकली तर जोडचिन्ह सापडेलच असं नाही, काही प्रोग्रॅम दोन्ही एकच धरतात, काही नाही. शंभर पानी फाइलमध्ये 'रेइवाच्या एंट्रीच नाहीत' असं वाटलं तर दोन्ही प्रकारे शोधून बघा.

आणि आम्हाला ट्रान्सलेशनला देताना ओरिजिनल फाइलच मेल करा, व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट नको, स्क्रीनशॉटमध्ये आम्हालाही तोच चौकोन दिसतो, त्याच्या आतला नंबर नाही.