साक्याच्या नोंदी आणि आमच्या अहवालातला ‘लाप्लास’
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक, रत्नागिरी)

तुमच्या बागेच्या नोंदींवरून आम्ही काढलेला आकडेवारीचा अहवाल हातात पडला की दर हंगामात फोन येतोच: “शेवटच्या पानावर हे लाप्लास काय आहे? उत्तर ‘सन्निकट’ म्हणजे तुम्ही अंदाजपंचे काढलंय की काय?” तसं नाही. कसं, ते इथे लिहितो.

हापूसचा साका बाहेरून कळत नाही. फळ कापल्यावर कोयीजवळ पांढरट, स्पंजासारखा आंबूस गर दिसतो, नाहीतर नाही. म्हणजे वहीत प्रत्येक फळापुढे ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच. समजा ३० कलमं आहेत, त्यांतल्या १५ कलमांच्या बुडाशी पेंढ्याचं आच्छादन घातलंय. प्रत्येकावरची १० फळं कापली. ३०० पैकी ४५ साक्याची निघाली. १५ टक्के, हे कोणीही सांगेल. पण त्या ४५ पैकी १५ दोनच कलमांची असली तर? एका कलमाची फळं म्हणजे सख्खी भावंडं: माती तीच, ऊन तेच. त्यांना ३०० सुटे साक्षीदार धरलं, की आच्छादनाचा गुण आहे त्याहून पक्का वाटू लागतो.

मिक्स्ड मॉडेल नावाची संख्याशास्त्रातली रीत हेच सांभाळते. आच्छादनाचा परिणाम एक, आणि त्यावर प्रत्येक कलमाचा स्वतःचा कल. हा कल डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो किती असू शकेल त्या सगळ्या शक्यता घेऊन, ज्याला जितकं वजन तितकं देऊन बेरीज करावी लागते. या बेरजेतून निघतं ते लाइकलिहूड, म्हणजे मॉडेल हाती आलेल्या नोंदींशी किती जुळतं त्याचा आकडा. फळाचं वजन ग्रॅममध्ये मोजलं असेल तर नेहमीच्या मॉडेलात ही बेरीज सूत्राने नेमकी सुटते. हो-नाहीच्या नोंदींत ती तशी सुटत नाही. तिथे सन्निकट पद्धत लागतेच, मग सॉफ्टवेअर कुणाचंही असो.

आम्ही ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधलं ‘एलएमई-४’ हे पॅकेज वापरतो. ते फुकट आहे. बिल आमच्या बैठकीचं असतं. काही वेगळं सांगितलं नाही, तर हे पॅकेज लाप्लासची रीत वापरतं. शक्यतांचा डोंगर कल्पा. त्याचं शिखर शोधायचं, तिथे तो किती बाकदार आहे ते बघायचं, आणि बाकीचा डोंगर घंटेच्या आकाराचा धरून चालायचं. दर कलमामागे भरपूर फळं असली की हे छान जमतं. तीन-चारच असली, किंवा एखाद्या कलमावर साका अजिबातच नसला, की डोंगर एका बाजूला कलतो आणि घंटा नीट बसत नाही.

मग क्वाड्रेचर. शिखराच्या आजूबाजूला ठरावीक ठिकाणी उंची घेऊन बेरीज करायची. एकच ठिकाण घेतलं तर तो लाप्लासच; १५ किंवा २५ घेतली की उत्तर सुधारतं. अडचण अशी, की ‘एलएमई-४’ ही सोय एकाच साध्या गटासाठी देतं. कलम, बाग आणि वर्ष असे तीन गट एकदम हवे असतील तर तिथे लाप्लासवरच भागवावं लागतं. शिवाय तीन दिशांना प्रत्येकी १० ठिकाणं म्हणजे १००० ठिकाणं, आणि मे महिन्यात आमच्याकडे लाईट किती वेळ टिकते ते तुम्ही जाणताच.

एकदा आमचीच चूक झाली. चांगला हापूस कापायला कुणाचं मन होत नाही, म्हणून कलमामागे तीनच फळं आली होती, आणि आम्ही लाप्लासवर अहवाल देऊन मोकळे झालो. नंतर १५ ठिकाणं घेऊन पाहिलं तर कलमाकलमांतला फरक बराच वाढला. आच्छादनाचा कौल तोच राहिला, पण त्याची खात्री कमी झाली. अहवाल बदलून दिला. तेव्हापासून एक गट असला की दोन्ही रीतींनी चालवतो आणि दोन्ही आकडे छापतो. दोन रीतींची लाइकलिहूडं मात्र एकमेकांशी ताडून बघू नका.

जुन्या प्रबंधांत ‘पीक्यूएल’ (पेनलाइज्ड क्वासी-लाइकलिहूड) ही आणखी एक सन्निकट रीत दिसेल. ब्रेस्लो आणि क्लेटन यांच्या १९९३च्या लेखाने ती रूढ झाली. हो-नाहीच्या नोंदी आणि लहान गट असले की ती गटांतला फरक कमी दाखवते. अशा नोंदींसाठी आम्ही ती वापरत नाही.

दोन-तीनच बागा असतील तर ‘बागाबागांतला फरक’ आमच्याकडे मागू नका. तेवढ्यावरून तो भरवशाने निघत नाही. त्या बागांची नुसती तुलना करून देऊ.

नोंदी एक्सेलमध्ये द्या किंवा वहीचे फोटो पाठवा. एका फळाला एक ओळ, ओळीत बाग, कलमाचा नंबर, तारीख, हो की नाही. चिकाचे डाग चालतील, कलमाचा नंबर पुसलेला चालणार नाही.